गरोदर आणि बाळंत बायकांना व्यायाम शिकवण्याचं काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत गेली नऊ वर्षं मी हे काम करते आहे. योग शिकवणाऱ्या, जिममध्ये ट्रेनर असलेल्या आणि माझ्याकडेच व्यायाम करून गेलेल्या बऱ्याच जणी विचारतात, की आम्हीही या कामात यावं का, आणि यातून हाती काय लागतं. फोनवर तुटक उत्तरं देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं, असं वाटलं.

रोजचं काम नेमकं काय असतं?

सकाळी अकराची बॅच धरा. सोसायटीचा हॉल, भिंतीला टेकवलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, खाली मॅट. सात-आठ जणी. कुणाला पाचवा महिना, कुणाला आठवा, कुणाचं बाळ चार महिन्यांचं. सुरुवात श्वासापासून. हात बरगड्यांवर ठेवायचे, श्वास घेताना बरगड्या बाजूंना उघडतात का ते पाहायचं आणि श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत-वर उचलायचं. मग खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून पुश-अप, मार्जारासन, दोन-तीन किलोचे डंबेल घेऊन पाठीचे व्यायाम, शेवटी चवड्यांवर उभं राहणं.

इथल्या नोकरदार बाईला सातव्या महिन्यातही स्टेशनचा पूल चढायचा असतो आणि गाडीत उभं राहायचं असतं. म्हणून हॉलच्या बाहेरच्या जिन्यावर पायऱ्यांचा सराव घेते : पूर्ण पाऊल टेकवायचं, एक हात कठड्यावर, चढताना श्वास सोडायचा. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना बसता येतं, हे कितीतरी जणींना माझ्याकडूनच कळतं. तेही मी या कामाचाच भाग धरते.

सगळ्यात मोठं समाधान कशात आहे?

एक प्रसंग सांगते. एक ताई बँकेत नोकरीला होत्या, बाळ अकरा महिन्यांचं. पोट कमी करायचं म्हणून आल्या. माझ्या फॉर्ममध्ये ‘खोकताना, शिंकताना लघवी सुटते का?’ असा प्रश्न आहे, त्यापुढे त्यांनी ‘नाही’ लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यात जागच्या जागी हलक्या उड्या मारायला सांगितल्या, तर त्या पाणी प्यायच्या निमित्ताने बाजूला झाल्या. दोन दिवसांनी पुन्हा तेच. क्लास सुटल्यावर चपला घालताना मी हळूच विचारलं आणि त्यांचे डोळे भरून आले. रोज पॅड लावून ऑफिसला जात होत्या. नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं. आईला विचारलं, तर आई म्हणाली होती, ‘बाळंतपणानंतर हे व्हायचंच, त्यात काय सांगायचं.’

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्यावर तोललेलं असतं. गरोदरपणात तिच्यावरचं वजन वाढत जातं, प्रसूतीत ती प्रचंड ताणली जाते. इतर कुठल्याही स्नायूसारखी तीही व्यायामाने सुधारते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हे स्नायू आवळायच्या-सोडायच्या व्यायामावर लेख लिहिला, म्हणून त्याला केगल म्हणतात. नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण करायला सांगितलं की कुणी मांड्या आवळतं, कुणी श्वास कोंडतं, कुणी नेमका उलटा, खाली जोर देतं. आवळण्याइतकंच पूर्ण सैल सोडणंही शिकावं लागतं, आणि ते कुणी सांगितलेलंच नसतं.

त्या ताईंना मी आधी महिलांच्या तक्रारींवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्यांच्या सल्ल्याने आम्ही आडवं पडून, मग बसून, मग उभं राहून, मग बाळाला उचलताना असा सराव केला. साधारण चौदा आठवड्यांनी दुपारी फोन आला. ‘ताई, आज ऑफिसात तीनदा शिंकले. काहीच झालं नाही!’ मी मेथी निवडत बसले होते. जुडी तशीच बाजूला ठेवली आणि दोघी फोनवर रडलो.

असा फोन दर महिन्याला येत नाही. पण आला की त्या बाईचं रोजचं जगणं बदललेलं असतं. तिला पुन्हा मोकळेपणाने हसता येतं, प्रवासाला निघताना आधी बाथरूम कुठे आहे ते शोधावं लागत नाही. या कामाची सगळ्यात मोठी मिळकत कोणती, असं विचाराल तर मी हेच सांगेन.

म्हणजे वजन आणि पोट कमी करून देणं हे काम नाही का?

बायका त्यासाठीच येतात, त्यामुळे ते टाळता येत नाही. बारशाचे फोटो पाहून नातेवाईक काहीतरी बोललेले असतात. ‘अजून पोट तसंच आहे गं’ हे वाक्य ऐकलेलं नाही अशी एकही बाळंतीण मला भेटलेली नाही.

पण पोट दिसतं त्याचं कारण दर वेळी चरबीच असतं असं नाही. पोटाच्या मधोमध उभा तंतुमय पट्टा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पोटाचे स्नायू. बाळ वाढतं तसा हा पट्टा ताणतो आणि स्नायू एकमेकांपासून लांब जातात. शेवटच्या आठवड्यांत हे जवळपास प्रत्येकीचं होतं. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं आपोआप भरून येतं, काहींचं राहतं. तपासायला सोपं आहे : पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे, डोकं किंचित उचलायचं आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी ठेवून फट किती, खोल किती ते पाहायचं. दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल आणि बोटाखाली काहीच ताण लागत नसेल, तर थांबून विचार करायचा.

माझ्या दुसऱ्या वर्षी मी हे तपासत नव्हते. एकीच्या भावाचं लग्न जवळ आलं होतं, तिला लवकर बारीक व्हायचं होतं आणि तिच्या आग्रहाखातर मी तिच्याकडून रोज सिट-अप करून घेतले. महिन्याभरात तिची कंबर धरली आणि पोटाला मधोमध उंचवटा दिसायला लागला. चूक माझी होती. मी तिला तसं सांगितलं, राहिलेले पैसे परत केले आणि फिजिओथेरपिस्टकडे स्वतः घेऊन गेले. ती बरी झाली. तेव्हापासून पहिल्या दिवशी तपासल्याशिवाय मी कुणालाही पोटाचा व्यायाम देत नाही.

‘सहा आठवड्यांत पहिल्यासारखी होईन का?’ याला काय उत्तर देता?

नाही, आणि तशी घाईही नको. सानिया मिर्झाचं उदाहरण देते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगा झाला आणि जानेवारी २०२० मध्ये होबार्टला दुहेरीचं विजेतेपद जिंकून ती टेनिसमध्ये परतली. मध्ये पंधरा महिने गेले, आणि खेळ हाच तिचा व्यवसाय. मग रात्री तीनदा उठून दूध पाजणाऱ्या, दिवसभर घर सांभाळणाऱ्या बाईने दीड महिन्याचा हट्ट का धरावा? धावण्याच्या बाबतीत ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये मार्गदर्शिका काढली. तिच्यात निदान तीन महिने थांबा आणि आधी ताकद तपासा, असं सांगितलं आहे. मी तेच पाळते.

गरोदरपणात व्यायाम चालतो का?

डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर चालतो, आणि करावाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात गरोदर आणि बाळंत बायकांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतकी धाप. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर सपाट झोपून फार वेळ व्यायाम करायचा नाही, कारण गर्भाशयाच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दाबली जाते आणि चक्कर येऊ शकते.

वार (प्लॅसेंटा) खाली असणं, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला असणं, वाढलेलं ब्लडप्रेशर, वेळेआधी कळा यायचा धोका, तीव्र ॲनिमिया, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टर सांगतील तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर बायकांना ॲनिमिया आढळला होता, म्हणून माझ्या फॉर्मवर नावाखालचा पहिला रकाना हिमोग्लोबिनचा आहे. सातवर हिमोग्लोबिन असलेली बाई धापा टाकत जिना चढायला लागली, तर तिला आधी उपचार हवेत. व्यायाम नंतर.

सासूबाई आणि आई ऐकत नाहीत. त्यांना कसं पटवता?

पटवायला जातच नाही, आधी ऐकून घेते. सव्वा महिना विश्रांती, अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे आणि हळिवाचे लाडू, बाळंतशेपा, पोटाला पट्टा : या सगळ्यामागे बाळंतिणीला जपायचा विचार आहे. बाईला घरकामातून सुट्टी द्यायची कुणाची तयारी नसायची, तेव्हा सव्वा महिन्याच्या या रीतीनेच तिला पाठ टेकू दिली. मी ती मोडायला सांगत नाही.

त्या सव्वा महिन्यात मी सांगते ते एवढंच : दीर्घ श्वास, पडल्या पडल्या पावलं वर-खाली हलवणं, घरातल्या घरात थोडं चालणं, आणि उठताना सरळ न उठता कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठणं. यातलं काहीही शेगडीच्या आड येत नाही. पट्ट्याबद्दल मात्र स्पष्ट बोलते. आधार म्हणून थोडा वेळ ठीक, पण पोट आत जाईल म्हणून करकचून बांधला की दाब खाली, त्या ताणलेल्या झोळीवर जातो.

मालिशवाल्या मावशींशी मैत्री करा, हा माझा सगळ्यात मोलाचा सल्ला. घरात त्यांचा शब्द चालतो. एका मावशींना मी कुशीवर वळून उठायची पद्धत दाखवली, आता त्या प्रत्येक घरी स्वतःच ती शिकवतात.

आणि एक गोष्ट मी कधी विसरणार नाही. एक सासूबाई दर वेळी सुनेबरोबर यायच्या, दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या, चेहऱ्यावर नाराजी. महिना झाला. एकदा सून हात-पाय धुवायला गेली, तशा त्या जवळ आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, ‘ते शिंकण्याचं तुम्ही हिला सांगत होतात ना, मला एकतीस वर्षं होतंय. माझ्या वयाला काही उपयोग होईल का?’ मी म्हटलं, काकू, होईल. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी सुनेच्या शेजारी मॅट टाकली.

सिझेरियन झालेल्या बायकांचं वेगळं काही असतं का?

असतं. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत देशात २१.५ टक्के आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याची नोंद आहे, म्हणजे तुमच्या प्रत्येक बॅचमध्ये त्या असणारच. पोटाचे अनेक थर कापून शिवलेले असतात. सुरुवातीचे आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, खोकताना टाक्यांवर उशी धरायची, आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हटल्यावरच व्यायाम.

शरीराइतकंच मनाचंही असतं. ‘मला नॉर्मल जमलं नाही’ असं म्हणत रडलेल्या कितीतरी जणी मी पाहिल्या आहेत. पोटावर एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसून तिसऱ्या दिवशी मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या बाईला काय जमलं नाही? तिला हे कुणीतरी तोंडाने म्हणावं लागतं. मी दर वेळी म्हणते.

शिक्षण काय लागतं?

फिजिओथेरपीची पदवी असेल तर उत्तमच. नसेल तर आधी व्यायाम-प्रशिक्षकाचा पाया पक्का करा, मग गरोदर-बाळंत बायकांसाठीचा वेगळा अभ्यासक्रम, आणि प्रथमोपचार व सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करतात ते) येणं सक्तीचं समजा. पदवी नसताना कुणाच्या दुखण्यावर उपचार करायला जाऊ नका. ‘हे माझ्या हातात नाही, यांच्याकडे जा’ म्हणताना कमीपणा वाटत असेल, तर हे काम घेऊ नका.

मला स्वतःला मूल नाही. चालेल?

हो. उलट ज्यांचं बाळंतपण झालेलं असतं, त्यांना ‘माझ्या वेळी असं होतं’ हे बाजूला ठेवायला शिकावं लागतं. मलाही दोन वर्षं लागली.

पुरुष हे काम करू शकतात का?

ज्ञानाच्या दृष्टीने काहीच अडचण नाही. पण वर जे प्रश्न लिहिलेत, ते आपल्याकडची बाई पुरुषासमोर काढेल असं मला वाटत नाही. नवऱ्यांसाठी मी महिन्यातून एक रविवार ठेवते, तिथे पुरुष प्रशिक्षक असता तर मला फार मदत झाली असती.

पैसे मिळतात का?

मिळतात, पण जिमसारखं वर्षभराचं सभासदत्व इथे नसतं. बाई पाचव्या महिन्यात येते आणि पहिलं बाळंतपण असेल तर सातवा लागला की माहेरी निघते. कधी नगरला, कधी चिपळूणला. पहिली काही वर्षं मला वाटायचं, जमलेली बॅच फुटली. आता माहेरी गेल्यावर तिला ऑनलाइन बॅचमध्ये घेते. आईच्या घरच्या माजघरात मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून व्यायाम चाललेला असतो, मागून आजी डोकावत असते.

पहिल्या वर्षी महिन्याला घरभाड्याइतकेही सुटत नव्हते. चौथ्या वर्षापासून घर चालतं. जाहिरातीवर मी फारसा खर्च केलेला नाही, कारण या कामात बाई बाईला पाठवते : बहीण, नणंद, ऑफिसातली मैत्रीण. दुसऱ्या बाळाच्या वेळी त्याच बायका परत येतात. गेल्या वर्षी एक जण तिसऱ्या महिन्यातच आली. घरात अजून कुणाला सांगितलेलं नव्हतं, मला आधी सांगितलं.

एक गोष्ट मनाशी धरून ठेवा. प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईची पगारी प्रसूती-रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली, पण स्वतःचा क्लास चालवणाऱ्या बाईला ती लागू नाही. माझ्या धाकट्याच्या वेळी मी चार महिने क्लास बंद ठेवला आणि साठवलेल्या पैशांवर काढले. तुम्ही पहिल्या दिवसापासून बाजूला टाकत जा.

फी परवडत नाही अशा बायकांचं काय?

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. माझ्याकडे घरकाम करणाऱ्या बायका आल्या की मी आधी त्यांना ती तारीख सांगते. शनिवारी दुपारची माझी बॅच विनामूल्य असते. दिवसभर वाकून फरशी पुसणाऱ्या, चार मजले चढणाऱ्या बाईला आणखी व्यायाम नको असतो. तिला हवं असतं ते बादली उचलताना कंबर कशी वाचवायची, हे. मी तेच शिकवते, आणि शेवटची दहा मिनिटं सगळ्याजणी नुसत्या कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी घेऊन पडतात. त्यातल्या एकीने सांगितलं होतं, आठवड्यात दुपारी पाठ टेकते ती एवढीच.

डॉक्टर आपल्याला मोजतात का?

सुरुवातीला नाही. मी गावातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात भेटायला गेले होते, तर माझा कागद न वाचताच परत दिला. वाईट वाटलं होतं.

तीन वर्षांपूर्वी एक जण क्लासला आली, चौतिसावा आठवडा. म्हणाली, सकाळपासून डोकं फार दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, उन्हाने असेल. चेहरा आणि हात सुजलेले. मी व्यायाम सुरूच केला नाही. हॉलवर ब्लडप्रेशरचं मशिन ठेवलेलं असतं, त्यावर १६०/११० च्या वर दाखवलं. रिक्षात घालून तिच्या डॉक्टरांकडे नेलं, वाटेतून त्यांना आणि नवऱ्याला फोन केला. त्याच रात्री सिझेरियन झालं. बाळ थोडे दिवस काचेच्या पेटीत होतं. आता ते माझ्या हॉलमध्ये डंबेल लोळवत फिरतं.

त्या डॉक्टरांनी नंतर मला बोलावून चहा दिला आणि त्यांच्या पेशंट पाठवायला सुरुवात केली. आजही त्या एका ओळीची चिठ्ठी लिहून देतात : व्यायामाला हरकत नाही. ती चिठ्ठी हातात आली की मला माझ्या कामाला मान मिळाल्यासारखं वाटतं.

या कामात मन खचेल असं काही असतं का?

असतं, आणि ते कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. काही बाळं येत नाहीत. पाचव्या महिन्यात रोज हसत येणारी एखादी अचानक दिसेनाशी होते आणि मग तिच्या बहिणीचा मेसेज येतो. तेव्हा पहिलं काम हे, की तिला व्हॉट्सॲपच्या बॅचच्या ग्रुपमधून हळूच काढायचं. तिथे रोज डोहाळजेवणाचे फोटो आणि पाळण्याची चौकशी चाललेली असते. फीची आठवण जाता कामा नये. दोन-तीन दिवसांनी फोन करायचा. उचलला नाही तर ‘मी आहे’ एवढंच लिहून ठेवायचं. ‘जे होतं ते बऱ्यासाठी’ कधीही म्हणायचं नाही. आणि तिचंही बाळंतपण झालेलं असतं, हे सगळे विसरतात. शरीर बाळंतिणीचंच असतं, कधीकधी दूधही येतं. तिलाही तोच श्वास, तेच हळूहळू चालणं हवं असतं. मी एकटीला वेगळी वेळ देते.

बाळ सुखरूप असूनही ज्यांचं मन अंधारात असतं, त्याही येतात. सारखं रडू येणं, झोपायची संधी असून झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं. यासाठी एडिंबरो प्रश्नावली आहे, १९८७ पासून वापरात असलेले दहा प्रश्न. निदान डॉक्टरांनीच करायचं, पण दुसऱ्या महिन्यात मी प्रत्येकीला ती भरायला देते आणि आकडा जास्त आला तर तिला एकटीला परत पाठवत नाही, कुणाला तरी बोलावून घेते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि २४ तास चालू असतो. तो हॉलच्या दारामागे मोठ्या अक्षरात लावला आहे, कारण तिथे कपडे बदलताना एकटीने वाचता येतो.

घरी येणारा प्रत्येक जण विचारतो बाळ कसं आहे, दूध पितं का, झोपतं का. माझ्याकडे ती येते तेव्हा मी पहिल्यांदा तिला विचारते, तू कशी आहेस. काही जणी ‘बरी आहे’ म्हणतात. काही जणींना त्या दिवशी व्यायाम करताच येत नाही, नुसतं बोलणं होतं. त्या तासाचेही पैसे मला मिळतात, आणि तेव्हा मी सगळ्यात जास्त काम केलेलं असतं.

परदेशातल्या मराठी बायकांना शिकवता का?

हो, न्यू जर्सीपासून दुबईपर्यंत. त्यांना अडचण असते ती माणसांची. आई व्हिसावर आली तर सहा महिने, नाहीतर दोघंच. तिथे मालिश नाही, हळिवाची खीर करून देणारं कुणी नाही. माझ्या सकाळी सहाला अमेरिकेतल्या जणींची संध्याकाळ असते. अर्धा तास व्यायाम, आणि मग पंधरा मिनिटं मराठीत गप्पा. एकजण म्हणाली, ‘आठवडाभरात मी घराबाहेरच्या कुणाशी मराठीत बोलले ती तुमच्याशीच.’ तिच्यासाठी मी तो वर्ग अजूनही पहाटेच ठेवला आहे.

क्लासला बाळ आणलेलं चालतं का?

आणावंच लागतं, कुणाकडे ठेवणार? हॉलच्या एका कोपऱ्यात गोधड्या अंथरलेल्या असतात. पाजायचं असेल तर तिने तिथेच भिंतीला टेकून पाजायचं, घाई नाही. व्यायामाआधी पाजून घेतलं तर छाती हलकी राहते आणि बाळही झोपतं. व्यायामाने दूध कमी होतं का, हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा येतो. मध्यम व्यायामाने होत नाही.

गेल्या मंगळवारी स्क्वॅट चालू असताना एक बाळ उठलं आणि जोरात रडायला लागलं. आई ‘सॉरी ताई, सॉरी’ म्हणत निघाली. तेवढ्यात आठव्या महिन्यातली एक जण, जिला स्वतःला वाकणं कठीण होतं, ती गुडघ्यावर बसली, पाठ सरळ, श्वास सोडत, आम्ही महिनाभर केलं होतं अगदी तसं बाळाला छातीशी घेऊन उठली. म्हणाली, ‘तुम्ही तुमचे दहा पुरे करा. माझी प्रॅक्टिस होतेय.’ आई परत मॅटवर आली. आम्ही सातपासून पुढे मोजायला सुरुवात केली.